प्रमिलाबाईंचा एकच शब्द

प्रमिलाबाई जगदाळे हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. डॉक्टरांनी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "लागली." गाव विचारलं. "लागली." खिडकीकडे बोट दाखवून हे काय आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठ जुळवले, बराच वेळ घेतला आणि पुन्हा तेच बाहेर पडलं. त्या स्वतःच दचकल्या. मग हसल्या. मग रडायला लागल्या.

प्रमिलाबाईंनी सगळी नोकरी एसटीत केली होती. आधी कंडक्टर आणि पुढे कराडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कंट्रोल केबिनच्या काचेमागे बसून त्या माइकवर सांगायच्या, "पाटणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे." सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्या लागत आणि सुटत. नंतर विजेवरच्या बस आल्या, घोषणाही यंत्राच्या आवाजात होऊ लागल्या, पण खेड्यापाड्यातली माणसं केबिनच्या खिडकीशी येऊन विचारत, "बाई, आमची लागली का?" आणि प्रमिलाबाई सांगत, "लागली, लागली. पळा."

रक्ताची गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला अडकली होती. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलण्याचं केंद्र निकामी झालं. ऐकलेलं बरंचसं कळत होतं. काय म्हणायचंय तेही आत तयार होतं. मात्र त्यासाठी शब्द हुडकायचा आणि तोंडाला तसा हुकूम द्यायचा, ही साखळी तुटली होती. अशा वेळी आयुष्यभर विचार न करता उच्चारलेला एखादाच शब्द मेंदूत वाचतो, कारण त्याची वाट सवयीने वेगळी आणि खोल पडलेली असते. कुणाची शिवी वाचते, कुणाचं देवाचं नाव. प्रमिलाबाईंचं मागचंपुढचं सगळं वाक्य गेलं आणि 'लागली' तेवढी वाचली.

हॉस्पिटलने पहिला फोन केला तो केतकीला. प्रमिलाबाईंच्या मोबाइलमध्ये अडीअडचणीला कळवायचा नंबर म्हणून तिचंच नाव होतं. बदलायचं राहून गेलं असेल असं सगळ्यांनी धरलं, केतकीनेही. ती साताऱ्याला आईवडिलांकडे राहत होती आणि एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. फोन आला तशी मिळेल त्या गाडीने निघाली.

"तुम्ही पेशंटच्या कोण लागता?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"सून," केतकी म्हणाली. मग तिलाच राहवलं नाही. "म्हणजे, होते."

मुलीने एकदा वर पाहिलं आणि 'सून' असंच नोंदवलं.

निनाद हा प्रमिलाबाईंचा एकुलता एक मुलगा. तो रॉटरडॅमच्या बंदरात कामाला होता. त्याचं आणि केतकीचं लग्न मोडून दोन-तीन वर्षं झाली होती. भांडण असं काही झालंच नव्हतं. त्याला तिकडचं काम सोडवत नव्हतं आणि तिला इकडचं जगणं. वर्षातून दोनदा भेटणारे नवरा-बायको हळूहळू एकमेकांना पाहुण्यासारखं वागवू लागले, आणि एके दिवशी दोघांनी ते कबूल केलं. आईचं कळल्यावर निनाद धावत आला, रजा होती तेवढे दिवस राहिला. परत जाताना त्याने केतकीला विचारलं, "एखादी चांगली बाई मिळेपर्यंत बघशील का?"

चांगली बाई मिळाली. शोभाताई दिवसभर घरी थांबू लागल्या. पण केतकी गेली नाही. दुकानाची एक शाखा कराडला होती, तिथे तिने बदली करून घेतली आणि सोमवार पेठेतल्या प्रमिलाबाईंच्या घरात पुन्हा राहू लागली. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. लग्नाच्या सगळ्या वर्षांत निनाद तिच्या वाट्याला जेमतेम आला होता. संसार म्हणावा तर तो तिने सासूबरोबरच केला होता. त्यांना ती आत्या म्हणायची, आणि लग्न मोडल्यावर आत्या म्हणणं मोडायचं असतं हे काही तिला जमलं नव्हतं.

तिला त्रास व्हायचा तो संध्याकाळचा. ती दुकानातून घरी आली, दारात चप्पल काढली, की आतल्या पलंगावरून आवाज सुरू व्हायचा. "लागली. लागली. लागली!" प्रमिलाबाई डावा हात उचलून तिच्याकडे रोखायच्या. आवाज चढायचा, डोळे भरून यायचे. केतकीने पाणी दिलं, उशी बदलली, पाय चेपले. काही उपयोग नाही. थोड्या वेळाने त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. शोभाताईंशी असं होत नव्हतं, मालिश करणाऱ्या मुलाशी होत नव्हतं. आणि विचारून बघावं तर मान हो म्हणायची तिथे नाही म्हणायची. झटक्यानंतर होकार-नकाराचीही अदलाबदल झाली होती.

निनादने एकदा व्हिडिओवर हे सगळं पाहिलं.

"तू दिसलीस की तिला त्रास होतो, केतकी," तो म्हणाला. "माझ्याशी बोलताना शांत असते."

"काहीतरी हवं असेल त्यांना. मी लागत असेन."

"किंवा तू गेलीस ते लागलं असेल." त्याने आवाज चढवला नाही. "मी दोष देत नाहीये. आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. पण तिने काही ठरवलं नव्हतं ना? पुण्यात एक चांगली संस्था आहे. रोज वाचा-उपचार, नर्स. तिला तिथे ठेवू या. तूही मोकळी होशील."

तो जे म्हणत होता तेच केतकीलाही रोज संध्याकाळी वाटायचं.

आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या लोकांच्या एका गटात तिने डॉ. इरफान मुजावरांचं आवाहन वाचलं. एकच शब्द उरलेले रुग्ण त्यांना हवे होते. तिने कळवलं, आणि पुढच्याच रविवारी ते पुण्याहून स्वतः गाडी चालवत आले. मिरजेचा माणूस, उंच, बोलताना दोन्ही हात हलवणारा. त्यांनी पेटीतून एक कानटोपी काढली. बाहेरून लोकरीची वाटायची, आत मात्र काचेचे बारीक मणी दाटीने बसवलेले होते.

"मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा त्यांच्यात बारीकशी वीज वाहते," ते सांगू लागले. "वीज वाहिली की भोवती चुंबकत्व तयार होतं. ते इतकं क्षीण असतं, की पृथ्वीच्या चुंबकत्वापुढे ते म्हणजे जत्रेतल्या गोंगाटात कुणीतरी केलेली कुजबुज. हे मणी ती कुजबुज ऐकतात. माझ्या लहानपणी या कामाला खोलीएवढं यंत्र लागायचं."

"म्हणजे आत्यांच्या मनातलं सगळं वाचता येईल?"

"नाही येणार. आणि यायला लागलं तर मी हा धंदा सोडेन." ते हसले. "आम्ही फक्त एवढंच बघतो, की तोंडातून शब्द निघाला तेव्हा त्याच्यामागे कुठला अर्थ जागा होता. शब्द एकच असला तरी त्याचे अर्थ डोक्यात एका जागी राहत नाहीत. तहान लागली म्हणताना शरीराची खबर ठेवणारा भाग जागा होतो. ठेच लागली म्हणताना पायाचा नकाशा. नात्यातलं काही असलं तर तिसरंच काही."

मग त्यांनी या कामाची सुरुवात सांगितली. परदेशात एक म्हातारा माळी होता. झटक्यानंतर त्याच्याकडे 'गेट' एवढाच शब्द राहिला. "फाटकाचं गेट नव्हे हं, इंग्रजीतलं क्रियापद. आता गेट म्हणजे मिळणं, आणणं, पोचणं, कळणं. गेट अप म्हणजे ऊठ. गेट वेल म्हणजे बरा हो. आणि गेट लॉस्ट म्हणजे चालता हो. तो सारखा बायकोकडे बघून गेट, गेट करायचा. तिला वाटलं, आपल्याला घालवून देतोय. बिचारी बहिणीकडे जाऊन राहिली. टोपी घातल्यावर कळलं, तो म्हणत होता, मला बागेत ने."

पलंगावरून प्रमिलाबाई हे लक्ष देऊन ऐकत होत्या. "लागली," त्या म्हणाल्या.

"बघा!" मुजावरांनी हात उडवले. "ताई, मी मराठीत असाच शब्द शोधत होतो. तुमच्या सुनेचा निरोप वाचला आणि खुर्चीतून उठलोच. लागणे! आपल्याकडे काय लागत नाही ते सांगा."

निनादने रॉटरडॅमहून संमती दिली, पण एक अट घातली. आईने कुठे राहायचं हे तिलाच विचारायचं, तो समोर असताना. आणि ती म्हणेल ते दोघांनीही मानायचं. केतकी हो म्हणाली.

यंत्राला आधी प्रमिलाबाईंचा मेंदू शिकवावा लागणार होता. त्यासाठी वाक्यं त्यांच्या रोजच्या ऐकण्यातली हवीत आणि आवाज ओळखीचा हवा, म्हणून ती केतकीने वाचायची ठरलं. सकाळी दुकानात जायच्या आधी ती टोपी चढवायची आणि पलंगाशेजारी बसून वाचायची. तहान लागली. जिना चढून धाप लागली. पोराला नोकरी लागली. दहावीचा निकाल लागला. बाळाला दृष्ट लागली. चिंच आंबट लागली. चाळिशीत चष्मा लागला. "घाटात गाडी लागली," असं तिने वाचलं तेव्हा प्रमिलाबाई खुदकन हसल्या. फलाटाला लागते ती गाडी वेगळी आणि घाटात लागते ती वेगळी, हे कुंभार्ली घाटात प्रवाशांच्या ओकाऱ्या निस्तरलेल्या कंडक्टरला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"लग्न लागलं," केतकीने पुढचं वाक्य वाचलं आणि ती अडखळली. प्रमिलाबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. तिने घसा साफ केला आणि पुढे वाचलं.

प्रत्येक वाक्यानंतर कळलं की नाही ते त्यांनी मानेने सांगायचं होतं. यातून कुणालाही अपेक्षित नसलेला एक फायदा झाला. रोजच्या सरावाने त्यांचा हो आणि नाही आपापल्या जागी परत आले. पंधरा-वीस दिवसांत त्या खणखणीत मान हलवू लागल्या. मुजावरांनी ते वेगळं लिहून ठेवलं.

मग पहिला अर्थ उमटला. प्रमिलाबाई सकाळी चहा घेताना "लागली" म्हणाल्या, आणि छोट्या स्क्रीनवर अक्षरं आली: खुपणे, टोचणे. केतकीने गादी चाचपली, उशी झटकली, गाउनचं लेबल पाहिलं. शेवटी प्रमिलाबाईंनी डाव्या हाताने चष्मा ओढून काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. कानामागे काडीने लालभडक वळ उठला होता. चष्मा केतकीनेच बनवून दिलेला. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट फिरवून बघितल्याशिवाय ती चष्मा देत नसे.

"किती दिवस सांगताय हो तुम्ही मला हे?" ती म्हणाली. प्रमिलाबाईंनी डोळे मोठे करून हात लांबच लांब पसरला. दोघी हसायला लागल्या.

एका रविवारी मुजावर आलेले असताना स्क्रीनवर आलं: करपणे, तळाला लागणे. केतकी स्वयंपाकघराकडे धावली. दूध भांड्याच्या तळाला धरलं होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती दूध करपवायची आणि तेव्हाही सासू बाहेरच्या खोलीतून हेच ओरडायची. करपट वासाने भरलेल्या त्या घरात केतकीला कितीतरी दिवसांनी आपण घरी आहोत असं वाटलं.

असं रोज काहीतरी उलगडत होतं. शेजारच्या मुलीला नोकरी लागली का, असा प्रश्न. समोरच्यांचं दार नीट लागलेलं नाही, अशी सूचना. नवी भाजी तुरट लागते, अशी तक्रार. फक्त संध्याकाळी दुकानातून आल्यावर केतकी टोपी घालत नसे. मुजावरांनी कारण विचारलं तर म्हणाली, "आत्या दमलेल्या असतात." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर निनाद आला. आईजवळ बसला, तिचे केस विंचरले, नातेवाइकांच्या गमती सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुजावरांनी टोपी चढवली. शोभाताई दाराशी उभ्या राहिल्या. केतकी पलंगापासून जरा लांब, खिडकीपाशी थांबली.

निनादने आईचा डावा हात हातात घेतला. "आई, केतकी इथे राहते, तुझं सगळं करते. ती इथे आहे त्याचं तुला काय वाटतं? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको, तिला बरं वाटावं म्हणूनही नको."

प्रमिलाबाईंनी केतकीकडे पाहिलं. "लागली," त्या म्हणाल्या. "लागली. लागली!"

स्क्रीनवर ठळक अक्षरं आली: मनाला लागणे, दुखावणे.

"पुन्हा एकदा विचारू," मुजावर हलकेच म्हणाले. पुन्हा विचारलं. तेच आलं.

निनादला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. त्याने केतकीकडे पाहिलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "सॉरी," तो म्हणाला.

"ठरल्याप्रमाणे करू," केतकी म्हणाली. तिने पर्स उचलली आणि दुकानात कोण आहे ते बघून येते असं काहीतरी सांगून ती बाहेर पडली.

दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. तिने किल्लीने मागचं दार उघडलं आणि डोळे तपासायच्या खोलीत जाऊन बसली. समोर अक्षरांचा तक्ता होता. वरची ओळ तेवढी दिसत होती, खालच्या भरून आलेल्या डोळ्यांना विरघळल्यासारख्या दिसत होत्या. इतके महिने आपण त्या बाईच्या डोळ्यांसमोर जाऊन रोज तिची जखम उघडत होतो, असं तिच्या मनात येत राहिलं. कपडे कधी भरायचे, शोभाताईंना काय काय समजावून सांगायचं, याचाही ती विचार करू लागली.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. मुजावर होते. ते सरळ तपासणीच्या खुर्चीत बसले. "नंबर बघा जरा माझा. आलोच आहे तर."

केतकीने यंत्र त्यांच्या डोळ्यांपुढे आणलं. काम हातात आल्यावर तिचा श्वास थोडा जागेवर आला.

"तुमचं यंत्र चुकलं असेल का?" तिने विचारलं.

"नाही. त्यांच्या मनाला लागलंय, ते खरं आहे. पण कशाने, हे यंत्राला माहीत नाही. अर्थ कळतो, कारण कळत नाही." भिंगामागून त्यांचा डोळा मोठा दिसत होता. "आणि दुसरं. तुम्ही सगळ्यांनी वरची ओळ वाचली. खाली फिकट अक्षरांत आणखी एक होती. जीव लागणे."

केतकीचा हात थांबला.

"चूक आमची आहे. तो इंग्रज माळी एका वेळी एकच अर्थ बोलायचा. म्हणून आम्ही यंत्राला सांगितलं, जो अर्थ जोरात आहे तो मोठा दाखव, बाकीचे पुसट कर. प्रमिलाताई दोन्ही अर्थ एका श्वासात बोलतायत. आणि ताई, तुम्हीच सांगा, परक्याचं कोण मनाला लावून घेतं?"

"मग त्यांना विचारायचं कुणी?"

"ज्या माणसाकडे बघून त्या बोलल्या, त्याने. मी नाही, आणि निनादही नाही." ते खुर्चीतून उठले. "नंबर वाढलाय ना माझा?"

"वाढलाय," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ-चहा झाल्यावर ती पलंगाजवळ स्टूल घेऊन बसली. निनाद बाहेरच्या खोलीत होता. दार उघडंच होतं. तिने टोपी उचलली. प्रमिलाबाईंनी ती डाव्या हाताने बाजूला सारली.

"बरं, नको," केतकी म्हणाली. "मी विचारते, तुम्ही मान हलवा. आत्या, माझं काहीतरी तुमच्या मनाला लागलंय. मी निनादपासून वेगळी झाले, त्याचं?"

नाही.

"मी परत येऊन राहिले, त्याचं?"

नाही. ही मान जोरात हलली, जवळजवळ रागाने.

"मी गेले त्याचं?"

प्रमिलाबाई थबकल्या. मान हलेना. मग त्यांनी तळहात पालथा-उताणा केला. हो, आणि नाही.

केतकीला तो दिवस आठवायचा नव्हता, पण आता तो आठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घर सोडायला तिने मुद्दाम प्रमिलाबाईंच्या ड्यूटीची वेळ निवडली होती. दोन बॅगा घेऊन रिक्षाने स्टँडवर गेली आणि केबिनमधून दिसू नये अशी एका खांबाआड उभी राहिली. तोवर सगळ्या घोषणा यंत्राच्या आवाजात होऊ लागल्या होत्या. त्या दुपारी मात्र भोंग्यातून प्रमिलाबाईंचा स्वतःचा आवाज आला. साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. थोडं थांबून पुन्हा. आणि मग तिसऱ्यांदा. त्यांनी आपल्याला पाहिलंय हे केतकीला कळलं होतं. ती मान खाली घालून गाडीत चढली. केबिनकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुम्ही मला बोलावत होतात," ती म्हणाली. "त्या दिवशी. माइकवरून."

प्रमिलाबाईंचे डोळे वाहू लागले. हो. हो.

"मी तुम्हाला न भेटता गेले."

हो.

"मला भीती वाटत होती, आत्या. तुम्ही थांब म्हणाला असतात तर मी थांबले असते."

नाही, नाही. प्रमिलाबाईंनी जोरजोरात मान हलवली. त्या काही थांब म्हणणार नव्हत्या. मग त्यांनी डावा हात वर नेला, केतकीच्या डोक्यावर ठेवला आणि तिथून सावकाश दाराकडे केला. जा. आणि मग तोच हात दाराकडून वळवून परत आपल्या छातीपाशी आणला.

त्यांच्या घरात निघताना कुणी जाते म्हणत नसे. भाजी आणायला गेलं तरी येते म्हणायचं आणि आतून उत्तर यायचं, ये. केतकी त्या एकाच दिवशी काही न म्हणता निघाली होती.

"येते म्हणायचं राहिलं माझ्याकडून," ती म्हणाली आणि तिने प्रमिलाबाईंच्या मांडीवर डोकं टेकलं. प्रमिलाबाईंचा हात तिच्या पाठीवर फिरत राहिला. त्या एकदाच म्हणाल्या, "लागली," आणि आवाज आता चढलेला नव्हता.

निनाद दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "घोषणा तीनदा करत नाहीत," तो म्हणाला. "नियमच नव्हता तसा. दोनदाच करायची." मग तो आत आला आणि जमिनीवरच बसला. "आई, माझंही काही लागलंय का गं मनाला?"

प्रमिलाबाईंनी डोळे पुसले, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ठासून मान हलवली. हो. तिघेही हसले, पण निनाद उठला नाही. तो दुपारपर्यंत तिथेच बसून एकेक विचारत राहिला. केतकीने त्या दोघांचं जेवण तिथेच नेऊन दिलं.

पुण्याच्या संस्थेचा विषय मागे पडला. कागदोपत्री आईच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार निनादने केतकीच्याही नावे करून दिला, आणि त्यावर प्रमिलाबाईंनी स्वतः डाव्या हाताचा अंगठा उमटवला. तो आता दर रविवारी फोन करतो तेव्हा हवापाण्याचं बोलत नाही. प्रश्न विचारतो, आणि मान कुठे हलते ते बघत बसतो. केतकी दुकानातून घरी येते तेव्हा दारातूनच "आले हो" म्हणते. संध्याकाळचं ते रडणं थांबलं.

मुजावरांनी यंत्र बदललं. आता ते सगळे अर्थ सारख्याच अक्षरांत दाखवतं आणि निवड माणसांवर सोडतं. टोपी परत न्यायला ते आले तेव्हा मालवणकडचा कुणी रुग्ण तिची वाट बघत होता. प्रमिलाबाईंनी ती स्वतः घडी करून पेटीत ठेवली.

पण त्या सरावातून प्रमिलाबाईंचे हो-नाही कसे जागेवर आले, हे मुजावर विसरले नव्हते. एकच शब्द उरलेली बरीच माणसं आसपासच्या गावांतून त्यांना सापडली होती. वसंत ऋतू लागता लागता त्यांनी कराडच्या नगर वाचनालयाचा वरचा हॉल दर शनिवारसाठी मागून घेतला आणि सगळ्यांना एकत्र बोलावलं. यंत्र नाही, स्क्रीन नाही, नातेवाईकही नाहीत. फक्त त्यांनी यायचं आणि बोलायचं.

केतकीला ही कल्पना भलतीच वाटली होती. पहिल्या शनिवारी तिने प्रमिलाबाईंना खुर्चीत बसवून लिफ्टने वर नेलं. आत इस्लामपूरचे एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांच्याकडे 'अरे वा' उरलं होतं. उंब्रजच्या एक दुकानदार बाई होत्या, त्यांचं 'चालेल'. पाटणचा एक थोराड पैलवान होता, तो प्रत्येक गोष्टीला 'आईशप्पथ' म्हणायचा आणि म्हणताना लाजायचा. सगळे एकमेकांकडे बघत अवघडून बसले होते. केतकी दार ओढून बाहेरच्या बाकावर बसली आणि वेळ संपायची वाट बघू लागली.

बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग प्रमिलाबाईंचा आवाज आला, "लागली." थोड्या वेळाने पुन्हा, जरा खालच्या पट्टीत. मग चढत चढत जाणारा. केतकीला राहवलं नाही. तिने दार किलकिलं केलं.

प्रमिलाबाई गोष्ट सांगत होत्या. डाव्या हाताने त्यांनी घाट काढला, मग त्याचं वळण, मग वळणावर झुकलेली गाडी. गाल फुगवून, तोंडावर हात दाबून त्यांनी कुठल्यातरी प्रवाशाची अवस्था दाखवली. "लागली!" त्या म्हणाल्या आणि हात उडवला. कुणाच्या तरी टोपीत, बहुतेक.

"आईशप्पथ!" पैलवान ओरडला.

"अरे वा, अरे वा," हेडमास्तर हसू आवरत म्हणाले. त्यांना आवरेना. उंब्रजच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि "चालेल, चालेल" म्हणून पुढचं सांगायची खूण करत होत्या.

"आत्या, वेळ झाली," केतकी दारातून म्हणाली. "निघायचं ना?"

प्रमिलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चेहरा लाल झाला होता, चष्मा नाकावर घसरला होता. त्यांनी तिला हाताने बाहेर जायची खूण केली, आणि ती दार लावायच्या आत त्या पुन्हा पैलवानाकडे वळल्या होत्या.